बीएस्सी केमिस्ट्री, राहणार कळवा: नोकरी शोधायची तरी कुठे?

अबोली_कळवा

मंडळी, भाच्यासाठी सल्ला हवाय. यंदा बीएस्सी झाला, केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. निकाल लागल्यापासून पोरगा मोबाईलला चिकटून आहे. नौकरी, इंडीड, लिंक्डइन, दिसेल त्या जाहिरातीवर 'अप्लाय' दाबतो. त्यात लॅबची कामं आहेत, डेटा एन्ट्री आहे, बँकेचं सेल्स आहे, कॉल सेंटर आहे. उलट फोन येतात ते कोर्स विकणाऱ्यांचे, नाहीतर क्रेडिट कार्ड खपवायच्या नोकरीचे.

परवा व्हॉट्सॲपवर एक 'ऑफर' आली. नवी मुंबई विमानतळावर ग्राउंड स्टाफ, पगार २८,०००, जेवण आणि बस फुकट. युनिफॉर्म आणि मेडिकलचे अडीच हजार तेवढे आधी भरायचे. माझा भाऊ म्हणतो, अडीच हजारांनी काय होतंय, भरून टाकू. सध्या मी त्याचा हात धरून ठेवलाय.

वहिनीची तब्येत बरी नसते, त्यामुळे पुणे, वापी वगैरे नको. ठाणे, नवी मुंबई, फार तर तळोजा. इथे एवढ्या कंपन्या आहेत म्हणतात, मग नवख्या मुलाने आत शिरायचं कुठून? आणि पगार सांगतात एक, हातात पडतो एक, हा काय प्रकार आहे तेही कुणी समजावून सांगा. आमच्या घरात सगळे सरकारी नोकरीतले, यातलं ओ की ठो कळत नाही.

खाडीपलीकडचा

ताई, हात धरलात ते उत्तम केलंत. एक रुपयाही भरू नका. नोकरी देणारा पगार देतो, पैसे मागत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये उलव्याच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आणि या टोळ्यांना नवं गिऱ्हाईक मिळालं. विमानतळावर काम देतात त्या विमान कंपन्या, ग्राउंड हँडलिंगच्या कंपन्या आणि त्यांचे ठेकेदार. आत जायला एअरपोर्ट एंट्री पास लागतो, तो पार्श्वभूमीची तपासणी झाल्याशिवाय मिळत नाही. जॉइनिंगच्या आधी यूपीआयवर 'पासचे पैसे' घेणारा कुणीही आला तरी तो भामटाच. कुणी आधीच भरले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करायचा, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे ती. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे गोठवले जायची शक्यता जास्त.

भावाला हे वाचून दाखवा.

चहाटळ

घरात सगळे सरकारी असताना पोराला एमपीएससीला बसवत नाही म्हणजे कमाल आहे. पाचेक वर्षं अभ्यास करेल, मग लग्नाचं वय होईल, प्रश्नच मिटला. 😄

पावणे_शिफ्ट

चहाटळराव, तुमचं चालू द्या.

अबोलीताई, मी पावणे एमआयडीसीत क्यूसीला, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या लॅबला आहे. तुमचा भाचा कळव्याला राहतो म्हणजे कारखान्यांच्या तोंडाशीच राहतो की! कळवा नाक्यावरून विटाव्याकडे जो रस्ता जातो तोच ठाणे-बेलापूर रस्ता. त्याच्या कडेने दिघा, ऐरोली, रबाळे, महापे, खैरणे, पावणे, तुर्भे, शिरवणे अशी एमआयडीसी पसरली आहे. याला टीटीसी, म्हणजे ट्रान्स ठाणे क्रीक पट्टा म्हणतात. जुन्या काळी रसायनांचाच पट्टा होता. मोठे प्लँट बरेच बंद झाले, त्या जागी आयटी पार्क, डेटा सेंटर उभी राहिली. पण मधल्या आणि छोट्या कंपन्या आहेत अजून: औषधांचा कच्चा माल, रंग, सुगंधी द्रव्यं, खाद्यपदार्थांचे फ्लेवर, पाणी आणि सांडपाणी तपासणाऱ्या लॅब. यांची नावं तुम्ही ऐकलेली नसतात आणि जाहिरातीवर खर्च करायची त्यांना हौसही नसते. जागा निघाली की लॅबमधल्यालाच विचारतात, 'कोणी आहे का रे ओळखीत?'

म्हणून मुलाने आधी ठरवावं की मला 'ट्रेनी केमिस्ट' किंवा 'क्यूसी ट्रेनी' हेच हवंय. मग कॉलेजचे एक-दोन वर्षं पुढचे सीनियर हुडकावेत. कोण कुठे लागलंय, हे त्यांच्या ग्रुपवर कळतं. सीनियरला 'जॉब असेल तर सांग' असा मेसेज टाकू नये, त्यावर कुणी काही करत नाही. 'तुझ्या लॅबमध्ये फ्रेशर घेतात का, एचआरचा मेल आयडी देशील का, माझा सीव्ही जोडलाय' असं नेमकं विचारावं.

प्रवासाचंही बघा. ट्रान्सहार्बरची गाडी कळव्याला थांबत नाही. ठाण्याला मागे जाऊन ९-१० नंबरवरून पकडायची. दिघा गाव स्टेशन २०२४ ला सुरू झालं, पण कळवा-ऐरोली उन्नत मार्ग होईल तेव्हा होईल. विटाव्यावरून रस्त्याने जाणं बरं, फक्त पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं की पहिल्या शिफ्टची बोंब. तळोजा चालणार असेल तर कंपनीची बस कुठून सुटते हे आधी विचारा. दिवा-पनवेल गाड्यांच्या भरवशावर शिफ्ट होत नाही.

नीलाक्षी_वागळे

मी वागळे इस्टेटमध्ये मनुष्यबळ पुरवणाऱ्या एका लहान एजन्सीत भरतीचं काम बघते. आमच्या बाजूने स्क्रीनवर काय दिसतं ते सांगते, म्हणजे शंभर ठिकाणी अर्ज करूनही फोन का येत नाही ते कळेल.

कंपनीचा निरोप येतो: क्यूसी ट्रेनी, दोन जागा, रबाळे, टायट्रेशन (द्रावणाची तीव्रता मोजणं) आलं पाहिजे, लगेच रुजू होणारा हवा. जाहिरात टाकली की दुपारपर्यंत अर्जांचा ढीग पडतो, त्यात निम्मे बीकॉम आणि मेकॅनिकलवाले. तो ढीग मी शेवटी उघडते, खरं सांगायचं तर कधीकधी उघडतच नाही. त्याऐवजी पोर्टलच्या डेटाबेसमध्ये स्वतः शोधते. शिक्षण बीएस्सी केमिस्ट्री, शब्द 'टायट्रेशन' किंवा 'क्यूसी', ठिकाण ठाणे-नवी मुंबई, अनुभव शून्य ते एक वर्ष, आणि गेल्या काही दिवसांत प्रोफाइल हलवलेलं असावं. यादी आली की वरून फोन लावत सुटते. पंगतीत वाढपी वरून येतो तसंच आहे हे, जागा दोनच असल्या तर खालच्यांपर्यंत मी पोचतच नाही.

तेव्हा भाच्याला सांगा, 'अप्लाय' दाबण्यापेक्षा मला सापडण्याची सोय कर. प्रोफाइलच्या पहिल्या ओळीत 'बीएस्सी केमिस्ट्री फ्रेशर, क्यूसी / लॅब, ठाणे-नवी मुंबई, लगेच जॉइन' एवढंच. तीन वर्षांत प्रॅक्टिकलला हाताने जे केलं ते नावानिशी लिहायचं: ॲसिड-बेस, रेडॉक्स, कॉम्प्लेक्सोमेट्रिक टायट्रेशन, पीएच मीटर, कलरीमीटर, टीएलसी. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) नुसतं लांबून पाहिलं असेल तर 'प्रात्यक्षिक पाहिलं' असंच लिहावं, इंटरव्ह्यूला दुसऱ्याच प्रश्नात उघडं पडतं ते. 'हार्डवर्किंग', 'टीम प्लेयर' हे शब्द टाकून मी आजवर कुणाला शोधलेलं नाही. आठवड्यातून एकदोनदा प्रोफाइलमध्ये काहीतरी बारीक बदलून सेव्ह करायचं, म्हणजे ते ताजं दिसतं.

सीव्ही एका पानाचा, साधा, पीडीएफ. ते दोन रकाने, टक्केवारीचे गोल, इंद्रधनुष्यी पट्ट्या नकोत, आमचं सॉफ्टवेअर ते वाचताना घोळ घालतं. फोटो, धर्म, वडिलांचा व्यवसाय काही नको. फाइलला 'न्यू रेझ्युमे फायनल टू' असं नाव देऊ नका, स्वतःचं नाव आणि 'क्यूसी फ्रेशर' द्या. माझ्या डाउनलोडमध्ये अशा 'फायनल' फायलींचा खच पडलाय.

आणि कृपा करून अनोळखी नंबर उचला. तीनदा वाजून गेला की मी पुढच्या नावावर जाते.

अबोली_कळवा

नीलाक्षी, फारच उपयोगी. त्याचं प्रोफाइल आत्ता उघडून बघितलं. हेडलाइनला 'सीकिंग चॅलेंजिंग ऑपॉर्च्युनिटी' आहे आणि आवडीच्या कामांत सेल्स, बीपीओ, क्यूसी, ग्राफिक्स! ग्राफिक्स कुठून आलं देव जाणे.

एक विचारायचं होतं. मागच्या आठवड्यात तो रबाळ्याला तीन-चार कंपन्यांच्या गेटवर सीव्ही घेऊन गेला होता. वॉचमनने आतच सोडलं नाही. असं जाण्यात अर्थ आहे का?

पावणे_शिफ्ट

वॉचमनला सीव्ही देणं म्हणजे तो रद्दीत. पण फेरी वाया गेली असं नाही. गेटवरच्या बोर्डवरून कंपनीचं खरं नाव, प्लॉट नंबर आणि माल काय बनतो ते टिपून घ्यायचं. घरी येऊन वेबसाइटवरून एचआरचा मेल काढायचा आणि चार ओळींचा मेल करायचा: मी कोण, तुमच्या कोणत्या कामासाठी विचारतोय, किती जवळ राहतो, कधीपासून येऊ शकतो. 'रिस्पेक्टेड सर/मॅडम, विथ ड्यू रिस्पेक्ट' हे पाल्हाळ नको. जवळ राहतो हे मात्र जरूर लिहा. पहिल्या शिफ्टला वेळेत पोचणारा माणूस लॅबला हवाच असतो.

टीटीसीतल्या उद्योगांची ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आहे, वागळे इस्टेटला ठाण्याच्या लघुउद्योगांची. त्यांच्या सभासदांत पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्यांची नावं सापडतात. फार्मावाले वॉक-इन ठेवतात, बरेचदा रविवारी. तिथे गर्दी असते, सकाळी दार उघडायच्या आधी पोचायचं.

आता इंटरव्ह्यू. आमच्याकडे फ्रेशर आला की साहेबांचा ठरलेला प्रश्न: 'एक लिटर ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड करायला किती ग्रॅम घेशील?' चार ग्रॅम, हे निम्मे सांगतात. पुढचा प्रश्न: 'मग तेवढं तोलून घातलं की झालं ना, स्टँडर्डाइज कशाला करायचं?' इथे बहुतेकांची दांडी उडते. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, तोलून घेतलेलं चार ग्रॅम सगळं तेच नसतं, म्हणून केएचपी या शुद्ध, नेमक्या तोलता येणाऱ्या क्षाराच्या द्रावणाशी ताडून नेमकी नॉर्मॅलिटी, म्हणजे तीव्रता काढायची. हे जो शांतपणे सांगतो त्याच्या मार्कशीटकडे साहेब परत बघत नाहीत. एखाद्याला उत्तर आलं नाही तर त्याला बोर्डवर गणित मांडायला लावतात, मांडणी बरोबर असली तरी चालतं. अंदाजाने ठोकून दिलेलं उत्तर मात्र खपत नाही, कारण लॅबमध्ये रीडिंग अंदाजाने ठोकणारा माणूस कुणालाच परवडत नाही. वहीत चुकलं तर खाडाखोड न करता एक रेघ मारून सही-तारीख कशी करतात, हेही विचारतात.

इंग्रजीची धास्ती असेल तर सोडा. आमच्याकडे अर्धा इंटरव्ह्यू हिंदीत होतो. लिहिण्यापुरतं इंग्रजी स्वच्छ हवं, रिपोर्ट सगळे इंग्रजीत असतात.

मुक्काम_ऐरोली

वेगळं मत मांडतो. केमिस्ट्री झाली म्हणून लॅबच का? ऐरोलीत माइंडस्पेस आहे, महापेला मिलेनियम बिझनेस पार्क आहे, घणसोलीतही मोठमोठी ऑफिसं आहेत. औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासणं, मेडिकल कोडिंग, क्लिनिकल डेटा अशी कामं सायन्सवाल्यांना मिळतात. एसीत बसायचं, अंगाला ॲसिडचा वास नाही. पाच वर्षांनी लॅबवाल्याच्या पुढे निघून जातो माणूस.

पावणे_शिफ्ट

ॲसिडचा वास आम्हाला आता येत नाही, तुम्हाला येत असेल. 😄 मुद्दा बरोबर आहे, पण त्या कामांत फार्मसी, मायक्रो, लाइफ सायन्सवाल्यांना आधी घेतात. आणि बहुतेक ठिकाणी इंग्रजी संभाषण तपासतात.

नीलाक्षी_वागळे

दोन्ही करायला हरकत नाही, फक्त एकाच सीव्हीवर नको. एका वेळी एकच पद धरून महिना-दीड महिना नेटाने करावं. नाही जमलं तर दुसरं.

दत्ता_डोंबिवली

अप्रेंटिसशिपचं कुणीच बोललं नाही. पदवीधरांसाठी एनएटीएस (नॅशनल अप्रेंटिसशिप ट्रेनिंग स्कीम) पोर्टल आहे, केंद्र सरकारचं. वर्षभर कंपनीत प्रशिक्षण, विद्यावेतन मिळतं, शेवटी प्रमाणपत्र. १९६१ च्या कायद्याखाली चालतं, ठरावीक आकाराच्या कंपन्यांना अप्रेंटिस घ्यावेच लागतात. त्यामुळे 'व्हेकन्सी नाही' म्हणणारी कंपनीसुद्धा अप्रेंटिस घेते. राज्याचं महास्वयं पोर्टल आहे, तिथे नाव नोंदवलं की जिल्ह्यातले रोजगार मेळावे कळतात. २०२४ पासूनची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही आहे. त्यात पदवीधराला महिना १०,००० ठेवले होते, मुदत मात्र काही महिन्यांचीच.

चहाटळ

अप्रेंटिस म्हणजे स्वस्तात राबवायचं. वर्ष संपलं की नमस्कार, पुढचा या.

दत्ता_डोंबिवली

होतं तसं काही ठिकाणी, नाही म्हणत नाही. पीएफही कापत नाहीत, कारण कायद्याने अप्रेंटिस त्या अर्थाने कर्मचारी धरत नाहीत. पण वर्षभर एचपीएलसीवर हात बसला की 'फ्रेशर' हा शिक्का गेला. घरी बसून वर्ष घालवण्यापेक्षा कधीही बरं. फक्त विचारून घ्यायचं, कुठल्या विभागात ठेवणार? लॅब सांगून गोदामात पोती मोजायला लावणारेही आहेत.

नीलाक्षी_वागळे

ताईंनी पगाराचं विचारलं होतं, ते राहिलंच. समजा 'तीन लाखांचं पॅकेज' सांगितलं. म्हणजे सीटीसी, कंपनीला त्याच्यावर येणारा एकूण खर्च, महिना २५,०००. त्यात बेसिक १५,००० धरू. कंपनीने भरायचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के, १,८००, तो या २५,००० मधूनच. ग्रॅच्युइटी साधारण ४.८१ टक्के, ७२२ रुपये, तीही सीटीसीत धरतात आणि ती आत्ता मिळत नाही. उरले २२,४७८, हा ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार. यातून मुलाच्या वाट्याचा पीएफ पुन्हा १,८०० आणि व्यवसाय कर २००. हातात २०,४७८. मुलगी असती तर तो व्यवसाय कर लागला नसता, महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंत माफ आहे. कुणी बसचे, कॅन्टीनचे कापतात, गटविम्याचा हप्ता सीटीसीत धरतात, ते वेगळं.

ग्रॉस २१,००० किंवा त्याच्या आत असेल तर ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा लागतो, मुलाचे ०.७५ टक्के आणि कंपनीचे ३.२५. कापलं म्हणून कुरकुर करू नका. वागळे इस्टेटला आणि वाशीला त्यांचं रुग्णालय आहे, आणि आईवडील त्याच्यावर अवलंबून असतील तर त्यांनाही त्यात बसवता येतं. घरी आजारपण आहे म्हणालात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

इंटरव्ह्यूला 'इन हँड किती?' असं सरळ विचारावं. फ्रेशर लाजतात. विचारण्यासारखा आणखी प्रश्न म्हणजे: कंपनीच्या रोलवर (पगारपटावर) घेणार की ठेकेदाराच्या?

अबोली_कळवा

बातमी आहे. प्रोफाइल बदलल्यावर खरंच फोन आले. त्यातल्या एका तळोज्याच्या कंपनीत लॅबची चाचणी झाली, इंटरव्ह्यूही झाला, सोडियम हायड्रॉक्साइडचा प्रश्न आला म्हणे! निवड झाली, पण ठेकेदाराच्या रोलवर, आणि ठेकेदाराचा माणूस म्हणतो मूळ मार्कशीट वर्षभर आमच्याकडे ठेवावी लागेल, शिवाय दोन वर्षांचा बाँड. घ्यावी का?

पावणे_शिफ्ट

काम लॅबचंच असेल तर ठेकेदाराच्या रोलवर सुरुवात करायला हरकत नाही, आमच्या पट्ट्यात बरेच जण असेच चिकटले. मूळ मार्कशीट मात्र अजिबात नाही. उद्या दुसरीकडे निवड झाली की तीच दाखवायची असते. 'मूळ प्रत बघून घ्या, साक्षांकित झेरॉक्स ठेवा' एवढंच म्हणायचं. अडून बसला तर कंपनीच्याच एचआरला मेल टाका. बऱ्याचदा कंपनीला हे माहीतही नसतं.

खाडीपलीकडचा

बाँड कशाचा, तो लेखी मागा. किती रक्कम, कोणत्या प्रशिक्षणापोटी? नुसत्या तोंडी बाँडवर आणि कोऱ्या चेकवर सही नको.

नीलाक्षी_वागळे

आणि पीएफ खरंच भरतात का ते दोन-तीन महिन्यांत तपासा. ठेकेदार पगारातून कापतात आणि पुढे भरत नाहीत, असे नमुने बघितलेत मी. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, आता सरकारी उमंग ॲपवर चेहरा दाखवून निघतो, तो मुलाने स्वतः काढावा, ठेकेदाराच्या पोराच्या मोबाईलवरून नको. मग पासबुकात दर महिन्याची नोंद दिसते. यूएएन आयुष्यभर एकच राहतो. पुढच्या कंपन्या त्यावरून आधीची नोकरी कधी ते कधी हे पडताळतात, म्हणून सोडताना रिलीव्हिंग लेटर घेतल्याशिवाय निघायचं नाही.

जॉइनिंगच्या कागदांत आधार, पॅन, बँकेचं पासबुक, दहावी-बारावी आणि तिन्ही वर्षांच्या मार्कशीट, फोटो. पदवीचं प्रमाणपत्र विद्यापीठाकडून उशिरा येतं, तोवर शेवटच्या सेमिस्टरची मार्कशीट चालते. आधारवरचं नाव आणि जन्मतारीख पॅनशी आणि दहावीच्या मार्कशीटशी जुळते ना ते रुजू व्हायच्या आधी बघून घ्या. पीएफमध्ये नंतर दुरुस्ती करणं डोकेदुखी असते.

अबोली_कळवा

मार्कशीटचं कंपनीच्या एचआरला मेल करून विचारलं. त्या बाई म्हणाल्या, मूळ प्रत देऊ नका, ठेकेदाराशी आम्ही बोलतो. बाँडचा कागद अजून आलेला नाही, तो आल्याशिवाय सही नाही असं भाच्याने स्वतःच कळवलं.

आधार बघितलं. जन्मतारीख बरोबर आहे, आडनावात एक अक्षर कमी आहे. उद्या सकाळी ठाण्याला आधार केंद्रावर पाठवतेय.